एका आमदाराचा नकार : एलिजा हार्पर आणि कॅनडाची राहून गेलेली घटनादुरुस्ती

कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत ५७ आमदार बसतात. जून १९९० मध्ये या सभागृहातील तिन्ही पक्षांच्या नेत्यांनी एका घटनादुरुस्तीला पाठिंबा द्यायचे मान्य केले होते. देशाचे पंतप्रधान आणि दहाही प्रांतांचे प्रमुख यांच्या त्या मसुद्यावर सह्या झाल्या होत्या, आणि सभागृहात मतदान झाले असते तर ठराव सहज संमत झाला असता याविषयी फारशी कोणाला शंका नव्हती. तरीही ते मतदान झालेच नाही. विरोधी बाकांवरच्या एलिजा हार्पर या आमदारांनी आपली संमती नाकारली, दहा दिवस नाकारत राहिले, आणि तीन वर्षे चाललेली ती सारी प्रक्रिया मुदत संपून रद्द झाली.

हार्पर यांच्याविषयी लिहिताना बहुतेक वेळा असे सांगितले जाते की त्यांनी नकाराधिकार वापरला. हे खरे नाही, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय त्यांच्या राजकीय आयुष्याचे मोल कळत नाही. कॅनडाच्या घटनेने कोणत्याही एका आमदाराला असा अधिकार दिलेला नाही. एका माणसाच्या ‘नाही’ला इतके बळ कोठून आले, हे कळण्यासाठी त्या देशाची घटना बदलण्याची पद्धत, विधानसभेच्या कामकाजाचे नियम आणि ज्या समाजातून हार्पर आले त्याचा इतिहास हे तिन्ही एकत्र पाहावे लागतात.

हार्पर यांचा जन्म ३ मार्च १९४९ रोजी मॅनिटोबाच्या ईशान्य भागातील रेड सकर लेक या वस्तीत झाला. ओंटारिओ प्रांताच्या सीमेजवळच्या या वस्तीला बारमाही रस्ता नाही. छोट्या विमानाने जायचे, किंवा हिवाळ्यात सरोवरे गोठली की बर्फावर आखलेल्या तात्पुरत्या वाटेने, अशीच तिथली ये-जा आहे. तिथली माणसे ओजी-क्री समाजाची आहेत. युरोपीय वसाहती होण्यापूर्वीपासून त्या भूमीवर राहणाऱ्या ज्या अनेक समाजांना कॅनडात आज ‘फर्स्ट नेशन्स’ म्हटले जाते, त्यांतला हा एक. या लेखात सोयीसाठी मूलनिवासी हा शब्द वापरला आहे. कॅनडाच्या घटनेत मूलनिवासींमध्ये इन्युइट आणि मेटी या समाजांचाही समावेश होतो.

लहानपणी हार्पर यांना घरापासून दूर निवासी शाळांत राहावे लागले. या शाळा सरकारी पैशाने आणि बहुतांशी ख्रिस्ती धर्मसंस्थांमार्फत चालत. मुलांची भाषा, त्यांचे रीतिरिवाज आणि आईवडिलांशी असलेले नाते तोडून त्यांना गोऱ्या समाजाच्या साच्यात बसवणे हा त्यांचा उघड हेतू होता. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली आणि कॅनडाच्या सरकारने २००८ मध्ये संसदेत त्याबद्दल माफी मागितली. हार्पर जन्मले तेव्हा मॅनिटोबातील करारबद्ध मूलनिवासींना, म्हणजे ज्यांच्या समाजांनी ब्रिटिश राजसत्तेशी करार केले होते त्यांना, प्रांतिक निवडणुकीत मतही देता येत नव्हते. तो हक्क १९५२ मध्ये मिळाला, आणि मूलनिवासी म्हणून असलेला आपला कायदेशीर दर्जा न गमावता संसदेसाठी मत देण्याचा हक्क मिळायला १९६० साल उजाडले. ज्या सभागृहात पुढे त्यांनी देशाचे लक्ष वेधून घेतले, त्या सभागृहाच्या मतदारयादीत त्यांच्या आईवडिलांचे नाव त्यांच्या जन्माच्या वेळी असणे शक्य नव्हते.

मॅनिटोबा विद्यापीठात काही काळ शिकल्यावर १९७८ मध्ये, तिशीही पूर्ण झालेली नसताना, ते रेड सकर लेकच्या समाजाचे निवडून आलेले प्रमुख झाले. तिथे या पदाला चीफ म्हणतात. गावचा सरपंच म्हटले तर काही अंशी बरोबर ठरेल, पण चीफला केंद्र सरकारशी थेट वाटाघाटी कराव्या लागतात, कारण मूलनिवासींच्या जमिनी आणि त्यांचा कारभार हा विषय कॅनडात केंद्राच्या अखत्यारीत येतो आणि त्यामागे ब्रिटिश राजसत्तेशी झालेले जुने करार असतात. १९८१ मध्ये ते न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे रुपर्ट्सलँड मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. करारबद्ध मूलनिवासी समाजातून मॅनिटोबाच्या विधानसभेत पोहोचलेले ते पहिलेच आमदार होते.

रुपर्ट्सलँड या नावापाशी क्षणभर थांबायला हवे. १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाने हडसन्स बे कंपनीला एक सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सारा प्रदेश तिच्या हवाली केला. राजाच्या रुपर्ट नावाच्या नातलगावरून त्या प्रदेशाचे नाव पडले. दोनशे वर्षांनी कंपनीने तो कॅनडाच्या सरकारला हस्तांतरित केला आणि त्यातूनच १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत निर्माण झाला. सनद देताना किंवा हस्तांतर करताना तिथे राहणाऱ्या लोकांना कोणी विचारले नव्हते. आपल्याला न विचारता आपल्याविषयी निर्णय होतो, ही हार्पर यांची पुढची तक्रार त्यांच्या मतदारसंघाच्या नावाइतकी जुनी होती.

हॉवर्ड पॉली यांच्या सरकारात १९८६ मध्ये हार्पर यांच्याकडे मूलनिवासी विषयक कामांची जबाबदारी आली आणि पुढच्या वर्षी ते उत्तर विभागाचे मंत्री झाले. मार्च १९८८ मध्ये ते सरकार विलक्षण रीतीने पडले. सत्ताधारी पक्षातल्याच जिम वॉल्डिंग या आमदाराने अर्थसंकल्पाच्या विरोधात मत दिले आणि सरकार २८ विरुद्ध २७ असे हरले. त्यानंतरच्या निवडणुकीत गॅरी फिल्मन यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला २५, शॅरन कार्स्टेअर्स यांच्या लिबरल पक्षाला २० आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला १२ जागा मिळाल्या. फिल्मन अल्पमतातल्या सरकारचे प्रीमियर झाले. प्रीमियर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री. हार्पर आता त्या बारांपैकी एक होते. सभागृहातला तिसरा पक्ष, त्यातले मागचे बाक आणि दूर उत्तरेकडचा विरळ वस्तीचा मतदारसंघ, यापेक्षा कमी वजनाची जागा क्वचितच असेल.

आता घटनादुरुस्तीकडे वळू. १८६७ पासून कॅनडाची घटना हा ब्रिटिश संसदेचा कायदा होता आणि त्यातल्या महत्त्वाच्या भागात बदल करायचा झाल्यास लंडनकडे जावे लागे. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी ही घटना मायदेशी आणली. १७ एप्रिल १९८२ रोजी राणी एलिझाबेथ यांनी ओटावात त्यावर सही केली. मात्र नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यासाठी जो समझोता झाला, त्याला दहापैकी नऊ प्रांतांचीच संमती होती. फ्रेंच भाषकांची बहुसंख्या असलेला क्वेबेक बाहेर राहिला. कायद्याच्या दृष्टीने नवी घटना क्वेबेकलाही लागू झाली, पण त्या प्रांताच्या सरकारने ती मान्य केली नव्हती, आणि देशाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकसंख्येने ज्या घटनेला होकार दिलेला नाही तिच्यावर देश चालवणे हे अनेकांना धोक्याचे वाटत होते. त्यात क्वेबेकमध्ये स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणारी प्रबळ चळवळ होतीच.

१९८४ मध्ये सत्तेवर आलेल्या ब्रायन मलरूनी यांनी क्वेबेकला सन्मानाने घटनेत सामील करून घेण्याचा निश्चय केला. क्वेबेकचे प्रीमियर रॉबर्ट बुरासा यांनी पाच अटी पुढे ठेवल्या होत्या. क्वेबेक हा एक वेगळा समाज आहे याची घटनेत नोंद व्हावी, ही त्यांतली सर्वांत गाजलेली अट. उरलेल्या अटी घटनादुरुस्तीत नकाराधिकार, स्थलांतरितांच्या प्रवेशाबाबत अधिक अधिकार, प्रांतांच्या विषयांवर खर्च करण्याच्या केंद्राच्या अधिकाराला मर्यादा आणि सर्वोच्च न्यायालयावरील क्वेबेकच्या न्यायाधीशांची हमी यांविषयीच्या होत्या. ३० एप्रिल १९८७ रोजी ओटावाजवळच्या मीच लेक या सरोवराकाठच्या सरकारी निवासात पंतप्रधान आणि दहा प्रीमियर बंद दाराआड बसले आणि एकमत झाले. जूनच्या आरंभी मसुदा पक्का झाला. तो ‘मीच लेक करार’ या नावाने ओळखला जातो. अकरा पुरुषांनी एका खोलीत देशाची घटना ठरवली, अशी टीका तेव्हापासूनच सुरू झाली होती.

करारावर सह्या होणे आणि घटना बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८२ च्या घटनेनुसार बहुतेक दुरुस्त्यांना संसदेची आणि देशाची किमान निम्मी लोकसंख्या असलेल्या किमान सात प्रांतांच्या विधानसभांची संमती लागते, आणि ती पहिला ठराव झाल्यापासून तीन वर्षांच्या आत मिळावी लागते. काही मोजक्या विषयांना, उदाहरणार्थ सर्वोच्च न्यायालयाची रचना किंवा खुद्द दुरुस्तीची पद्धत बदलणे, दहाही प्रांतांची संमती लागते, पण तिथे कालमर्यादा नाही. मीच लेक करारात दोन्ही प्रकारचे विषय एकाच गाठोड्यात बांधलेले होते. म्हणून त्याला दोन्ही जाचक अटी लागू झाल्या : सर्वांची संमती हवी आणि ती तीन वर्षांत हवी. क्वेबेकच्या विधिमंडळाने २३ जून १९८७ रोजी पहिला ठराव केला. त्याच दिवशी घड्याळ सुरू झाले आणि २३ जून १९९० ही अखेरची तारीख ठरली.

भारतीय वाचकाला हा फरक पटकन कळेल. आपल्या घटनेच्या कलम ३६८ नुसार संसदेचे विशेष बहुमत पुरते आणि संघराज्याच्या रचनेला हात लावणाऱ्या तरतुदींसाठी त्याशिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती २०१६ मध्ये अशीच राज्याराज्यांतून मंजूर होत गेली. एखाद्या राज्याने ठराव केला नसता तरी ती अडली नसती. कॅनडात या कराराबाबत प्रत्येक प्रांताच्या हाती कुलूप होते.

मूलनिवासींचा आक्षेप नेमका काय होता, हे बहुधा घाईने सांगितले जाते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. १९८२ च्या घटनेच्या कलम ३५ ने मूलनिवासींचे अस्तित्वात असलेले हक्क आणि करारांतून मिळालेले हक्क यांना मान्यता दिली. ते हक्क म्हणजे नेमके कोणते, हे ठरवण्यासाठी पंतप्रधान, प्रीमियर आणि मूलनिवासींचे नेते यांच्या परिषदा घेण्याचे ठरले. १९८३, १९८४, १९८५ आणि १९८७ अशा चार परिषदा झाल्या. मुख्य प्रश्न होता स्वशासनाचा. मूलनिवासींचे म्हणणे असे की स्वशासनाचा हक्क आमचा मूळचाच आहे आणि घटनेने तो मान्य करावा. अनेक प्रीमियरांचे उत्तर असे की स्वशासन हा शब्द फार संदिग्ध आहे, त्याची व्याख्या झाल्याशिवाय तो घटनेत घालता येणार नाही. मार्च १९८७ मध्ये शेवटची परिषद निष्फळ ठरून संपली.

त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी तेच प्रीमियर मीच लेकला जमले आणि ‘वेगळा समाज’ हा तितकाच व्याख्या नसलेला शब्दप्रयोग त्यांनी एका दिवसात मान्य केला. माझ्या मते मूलनिवासींच्या संतापाचे खरे मूळ या दोन बैठकांमधल्या पाच आठवड्यांत आहे. संदिग्धता ही अडचण असेल तर ती दोघांनाही अडचण ठरायला हवी होती. शिवाय करारात कॅनडाचे वर्णन इंग्रजी आणि फ्रेंच भाषक समाजांच्या आधारे केलेले होते. देशाच्या मूलभूत घडणीत मूलनिवासींचे स्थान काय, याचा त्यात उल्लेख नव्हता. युकॉन आणि वायव्य प्रदेश यांना पुढे कधी प्रांताचा दर्जा द्यायचा झाल्यास सर्व प्रांतांची संमती लागेल अशीही तरतूद त्यात होती, आणि तिथल्या लोकसंख्येत मूलनिवासींचे प्रमाण मोठे आहे. आपला विरोध क्वेबेकला नाही, आपल्याला वगळण्याला आहे, असे हार्पर सतत सांगत राहिले. क्वेबेकमध्ये ते फार थोड्यांपर्यंत पोहोचले, ही त्या काळातली एक खेदाची गोष्ट आहे.

तीन वर्षांत बरेच काही बदलले. न्यू ब्रन्सविकमध्ये १९८७ मध्ये फ्रँक मॅकेना यांच्या लिबरल पक्षाने विधानसभेच्या सर्वच्या सर्व जागा जिंकल्या आणि नव्या प्रीमियरांना करारात बदल हवे होते. मॅनिटोबात फिल्मन आले. न्यूफाउंडलंडमध्ये १९८९ मध्ये क्लाइड वेल्स आले आणि आधीच्या विधानसभेने दिलेली मंजुरी त्यांच्या सभागृहाने १९९० मध्ये मागे घेतली. त्यातच डिसेंबर १९८८ मध्ये, केवळ फ्रेंच पाट्यांची सक्ती करणारा क्वेबेकचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला, तेव्हा बुरासा यांनी घटनेतील काही हक्क कायद्याने तात्पुरते बाजूला ठेवू देणाऱ्या अपवादाच्या कलमाचा आधार घेऊन दुकानांबाहेरच्या पाट्यांसाठी ती सक्ती पुन्हा आणली. इंग्रजी भाषक प्रांतांत याची तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि फिल्मन यांनी लगेच आपल्या विधानसभेतला मीच लेकचा ठराव मागे घेतला.

मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना मलरूनी यांनी सर्व प्रीमियरांना ओटावाला बोलावले. आठवडाभर बंद दाराआड वाटाघाटी चालल्या आणि ९ जून १९९० च्या रात्री पुन्हा सह्या झाल्या. वेल्स यांनी आपली सही सशर्त ठेवली : ठराव आपल्या विधानसभेपुढे किंवा जनतेपुढे निर्णयासाठी ठेवू, एवढेच त्यांनी मान्य केले. त्यानंतर मलरूनी यांनी एका वृत्तपत्राला मुलाखत दिली आणि ही बैठक मुद्दाम अशा अखेरच्या घटकेला ठेवण्याचा बेत आपण आधीच आखला होता, असे फासे टाकण्याच्या भाषेत सांगितले. ती मुलाखत १२ जूनला छापून आली. घटना हा जुगाराचा विषय आहे काय, असा प्रश्न देशभर विचारला गेला.

त्याच १२ जूनला विनिपेगच्या विधानभवनात फिल्मन ठराव मांडायला उभे राहिले. मॅनिटोबाच्या नियमांप्रमाणे असा ठराव चर्चेला घेण्यापूर्वी ठरावीक दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. ती टाळायची असेल तर सभागृहाची एकमुखी संमती लागते. अशी संमती रोजच्या कामकाजात कितीतरी वेळा मागितली जाते आणि कोणी हरकत घेत नाही म्हणून ती मिळते. अध्यक्ष डेनिस रोकान यांनी संमती आहे का असे विचारले, आणि हार्पर यांनी हळू आवाजात ‘नाही’ म्हटले. त्यांच्या हातात गरुडाचे पीस होते. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूलनिवासी समाजांत ते पवित्र मानले जाते आणि सत्य बोलण्याशी व धैर्याशी त्याचा संबंध जोडला जातो. दूरचित्रवाणीमुळे ते दृश्य देशभर पोहोचले आणि पुढच्या दिवसांतही तोच प्रश्न आणि तेच उत्तर लोक पाहत राहिले.

बाहेर दिसत होते ते एवढेच, पण आतले काम अधिक बारीक होते. मॅनिटोबातील मूलनिवासी प्रमुखांची संघटना आणि तिचे नेते फिल फाँटेन, कायद्याचे जाणकार ओव्हिड मर्क्रेडी आणि विधानसभेच्या कार्यपद्धतीची उत्तम माहिती असलेले गॉर्ड मॅकिंटॉश असे सल्लागार हार्पर यांच्यासोबत होते. सरकारने घाईघाईत दिलेली पूर्वसूचना नियमाला धरून नाही, असा मुद्दा उपस्थित झाला आणि अध्यक्षांनी तो मान्य केला. सूचना पुन्हा नव्याने द्यावी लागली आणि आणखी काही दिवस गेले. ज्या नियमांच्या आधारे शतकभर मूलनिवासींना दूर ठेवले गेले, त्याच प्रकारचे नियम अक्षर न् अक्षर वाचून एका मूलनिवासी आमदाराने वापरले, याचे मला विशेष वाटते. त्यात आरडाओरड नव्हती, कामकाज बंद पाडणे नव्हते. नियमाने दिलेला वेळ आम्हाला द्या, एवढेच मागणे होते.

अखेर ठराव चर्चेला आला तेव्हा मुदत संपायला फार थोडे दिवस उरले होते आणि पुढे आणखी एक पायरी होती. घटनादुरुस्तीवर मतदान करण्यापूर्वी जनसुनावणी घेणे मॅनिटोबाच्या नियमांप्रमाणे आवश्यक होते. हजारो लोकांनी, त्यांत मोठ्या संख्येने मूलनिवासींनी, आपले म्हणणे मांडण्यासाठी नावे नोंदवली. ती सुनावणी टाळायची तर पुन्हा एकमुखी संमतीच लागणार होती. विधानभवनाबाहेर ढोल वाजत होते, दूरदूरच्या वस्त्यांतून लोक येऊन थांबले होते. १८ जूनला केंद्राचे मंत्री लोवेल मरी विनिपेगला आले आणि मूलनिवासी नेत्यांपुढे त्यांनी सहा मुद्द्यांचा प्रस्ताव ठेवला. मूलनिवासींच्या प्रश्नांवर शाही आयोग नेमण्याचे आश्वासन त्यात होते. तीन वर्षे ज्यांना विचारले नाही त्यांच्यापुढे शेवटच्या पाच दिवसांत ठेवलेला हा प्रस्ताव त्यांनी नाकारला.

शुक्रवार २२ जूनला दुपारी बैठकीची नेहमीची वेळ संपत आली. वेळ वाढवायलाही संमती हवी होती आणि ती मिळाली नाही. मतदान न होताच सभागृह उठले. हार्पर यांचा पक्ष करारात सामील झाला होता, पक्षनेते गॅरी डोअर यांनी त्याला मान्यता दिली होती, तरी पक्षाने हार्पर यांना रोखले नाही, हेही नोंदवायला हवे. पक्षाचा आदेश आणि सदसद्विवेक यांत निवड करण्याची मोकळीक आमदाराला मिळाली नसती तर ही घटना घडलीच नसती.

करार एकट्या हार्पर यांनी बुडवला, असे म्हणणे अर्धसत्य आहे. त्याच दिवशी न्यूफाउंडलंडमध्येही मतदान झाले नाही. मॅनिटोबातून ठराव येत नाही असे दिसल्यावर केंद्राने सुचवले की न्यूफाउंडलंडने मंजुरी दिली तर तीन वर्षांची मोजणी क्वेबेकऐवजी त्यानंतर ठराव करणाऱ्या सास्काचेवानच्या तारखेपासून करता येईल का, हे सर्वोच्च न्यायालयाला विचारता येईल. म्हणजे मॅनिटोबाला तीन महिने जास्त मिळाले असते. जी मुदत अटळ म्हणून प्रांतांवर दबाव आणला जात होता ती वाढवता येईल असे शेवटच्या दिवशी सांगितले गेले, याने वेल्स संतापले आणि त्यांनी सभागृह मतदानाविना तहकूब केले. जबाबदारी मोजायचीच असेल तर पहिला वाटा घड्याळाशी खेळणाऱ्यांचा आहे. ओटावाची बैठक दोन महिने आधी झाली असती तर पूर्वसूचना देता आली असती, जनसुनावणी घेता आली असती, आणि एका आमदाराचा नकार एका मतापुरताच राहिला असता.

परिणाम मात्र खोल झाले. क्वेबेकमध्ये उर्वरित देशाने आपल्याला नाकारले अशी भावना पसरली. क्वेबेकचे नेते लुसियन बुशार यांनी करारात बदल करण्याच्या हालचालींवरून मे १९९० मध्येच केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले होते. त्यांच्या नेतृत्वाखालच्या, क्वेबेकच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या ब्लॉक केबेक्वा पक्षाला १९९३ मध्ये संसदेत ५४ जागा मिळाल्या आणि तो अधिकृत विरोधी पक्ष झाला. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक कॅनडात राहिला तो ५०.५८ टक्के मतांनी. त्याच्या काही दिवस आधी उत्तर क्वेबेकमधील क्री समाजाने आपले वेगळे सार्वमत घेतले आणि ९६ टक्के लोकांनी क्वेबेकसोबत कॅनडाबाहेर जायला नकार दिला. दोन समाज आपापल्या वेगळेपणाची मान्यता मागत असताना त्यांचे प्रश्न एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे त्या आकड्यातून दिसते.

मूलनिवासींच्या दृष्टीने दोन गोष्टी झाल्या. नाकारलेल्या प्रस्तावातला शाही आयोग १९९१ मध्ये खरोखर नेमला गेला आणि १९९६ मध्ये त्याचा प्रदीर्घ अहवाल आला. त्याआधी जुलै १९९० मध्ये क्वेबेकमधल्या ओका इथे मोहॉक समाजाच्या जमिनीवरून ७८ दिवस सशस्त्र पेच चालला होता. आयोग नेमण्यामागे विनिपेगमधल्या नकाराबरोबर ओकाचाही हात होता. दुसरी गोष्ट म्हणजे घटनादुरुस्तीचा पुढचा प्रयत्न असलेल्या १९९२ च्या शार्लटटाउन कराराच्या वाटाघाटीत मूलनिवासी नेते टेबलापाशी बसले आणि स्वशासनाचा अंगभूत हक्क त्या मसुद्यात लिहिला गेला. त्या वेळी फर्स्ट नेशन्सच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख असलेले मर्क्रेडी त्याच्या बाजूने होते, तर हार्पर यांनी त्यालाही विरोध केला. दोन वर्षांपूर्वीचे सहकारी समोरासमोर आले. २६ ऑक्टोबर १९९२ च्या सार्वमतात देशाने तो करार नाकारला. इतक्या मोठ्या घटनादुरुस्तीचा प्रयत्न कॅनडात त्यानंतर झालेला नाही.

हार्पर यांचे पुढचे राजकारण तुलनेने शांतपणे गेले. सप्टेंबर १९९० च्या निवडणुकीत ते पुन्हा आमदार झाले. १९९२ च्या अखेरीस त्यांनी विधानसभा सोडली आणि १९९३ मध्ये पक्ष बदलून लिबरल पक्षातर्फे चर्चिल मतदारसंघातून खासदार झाले. त्या पक्षाचे नेते ज्याँ क्रेतियाँ यांची नेतेपदी निवड झाली होती तीही २३ जून १९९० रोजीच. खासदारकीच्या काळातले त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम संसदेबाहेर झाले : डिसेंबर १९९५ मध्ये त्यांनी ओटावाजवळच्या हल या शहरात मूलनिवासी आणि इतर समाज, तसेच विविध धर्मांचे लोक यांना एकत्र आणणारी एक मोठी सभा भरवली. समेट हा विषय कॅनडाच्या सरकारी भाषेत रूढ होण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे. १९९७ मध्ये ते पराभूत झाले. १९९९ मध्ये मूलनिवासींच्या जमीन आणि करारविषयक दाव्यांची चौकशी करणाऱ्या आयोगावर त्यांची नेमणूक झाली. नंतरची वर्षे मधुमेहाशी झगडण्यात आणि ठिकठिकाणी बोलण्यात गेली.

१७ मे २०१३ रोजी ओटावा येथे वयाच्या ६४ व्या वर्षी हार्पर यांचे निधन झाले. लोकांना अंत्यदर्शन घेता यावे म्हणून त्यांचे पार्थिव विनिपेगच्या विधानभवनात ठेवण्यात आले आणि नंतर रेड सकर लेक येथे त्यांचे दफन झाले.